शेंगदाण्याची उशिरा झालेली ओळख

माझे माहेर लातूरचे. सोळा रस्ते जिथे एकत्र येतात त्या गंजगोलाईच्या परिसरात वडिलांचे आडतीचे दुकान होते. आज लातूरची पेठ सोयाबीन आणि तुरीच्या नावाने ओळखली जाते. परंतु माझ्या लहानपणी पावसाळा सरला की दुकानासमोर भुईमुगाच्या शेंगांच्या पोत्यांची थप्पी लागत असे. वडील पोत्यातून एक शेंग उचलत, कानाशी नेऊन हलवत, अंगठ्याने फोडत, टरफलाच्या आतल्या बाजूकडे निरखून पाहत आणि एक दाणा दातांखाली धरत. एवढ्यावरून ते मालाचा ओलावा सांगत, दाण्याचा उतारा सांगत आणि भावही ठरवत. शंभर किलो चांगल्या शेंगांतून सत्तर किलोच्या आसपास दाणे निघतात, हे गणित मला पाढ्यांच्या आधी ठाऊक झाले होते.

अशा घरातील मुलगी मी. शेंगदाणा आपल्या पुरत्या ओळखीचा आहे, याविषयी वयाची साठी ओलांडेपर्यंत मला शंका आली नाही. शाळेत जाताना खिशात भाजलेले दाणे असत. संक्रांतीला शेंगांची पोळी, एरवी गूळ-दाण्याचे लाडू, प्रवासात दशमीबरोबर दाण्याची चटणी. कांदा-लसूण न वापरणाऱ्या आपल्या घरांत भाजीच्या रस्स्याला दाटपणा येतो तो बहुधा दाण्याच्या कुटानेच. लग्न होऊन नांदेडला आले तेव्हा सासरच्या स्वयंपाकघरातही कुटाचा डबा मिठाच्या डब्याशेजारीच होता. इतकी जवळीक असूनही भुईमुगाचे झाड मी एकदाही हातात धरून पाहिलेले नव्हते. ते पाहण्याची वेळ माझ्या नातीने आणली.

निवृत्तीनंतर मी चातुर्मासात मंदिरातील पाठशाळेत लहान मुलांचा रविवारचा वर्ग घेते. गेल्या चातुर्मासात एके रविवारी विषय भक्ष्याभक्ष्याचा होता. बटाटा, रताळे, गाजर, मुळा, कांदा, आले या वस्तू आपण का वर्ज्य मानतो, ते मी सांगत होते. बोलता बोलता सोपे करून सांगण्याच्या भरात म्हणाले, “जे जमिनीखाली येतं ते आपण खायचं नाही.” पाचवीत शिकणारी माझी नात पुढच्याच रांगेत बसली होती. तिने हात वर केला.

“आजी, मग शेंगदाणे?”

मी क्षणभर थांबले. मग, ज्या आवाजात वडीलधारी माणसे प्रश्न मिटवतात त्या आवाजात म्हणाले, “ते वेगळं असतं. डाळीच्या जातीचं. बस खाली.” मागून एक मुलगा म्हणाला, “मग बटाटा कोणत्या जातीचा?” वर्ग हसला. वेळ संपल्याचे निमित्त करून मी मुलांना घरी पाठवले.

प्रकरण तिथेच संपले असते. परंतु दुसऱ्या दिवशी नातीने डब्यात दिलेली चिक्की तशीच परत आणली. तिसऱ्या दिवशी भाजीतले कूट पाहून ताट बाजूला सारले. सुनेने कारण विचारले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “आजीनंच सांगितलंय, जमिनीखालचं खायचं नाही.” त्या शब्दांनी मला चाळीस वर्षे मागे नेले.

माझ्या सासूबाईंनाही शेंगदाणा फार आवडे. सकाळच्या गरम दशमीवर तेल आणि दाण्याची चटणी, हा त्यांचा आनंदाचा घास. माझ्या लग्नाला चारेक वर्षे झाली असतील. एका मंगलकार्यात पंगतीत बसलेल्या कुणी नातलग बाईंनी सहज म्हटले, “जमिनीच्या पोटातलं ते सगळं कंदमूळच की! दाणे तरी कुठं चालतात?” सासूबाई काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर त्यांनी शेंगदाणा सोडला. कुणाला सांगितले नाही, चर्चा केली नाही. पुढे अखेरपर्यंत, म्हणजे एकवीस वर्षे, त्यांनी दाण्याचा कण तोंडात घातला नाही. आमच्यासाठी मात्र त्या रोज खलबत्त्यात कूट करत. दाणे स्वतः भाजत, सोलत, पाखडत आणि कुटत. चव पाहण्यासाठी चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवत आणि विचारत, “जमलंय का गं?”

शेवटच्या आजारपणात त्या फार अशक्त झाल्या होत्या. डाळी, दाणे असे काही पौष्टिक खात जा, असे डॉक्टरांनी सांगितले होते. सासूबाई नुसत्या हसल्या. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे पंचवीस ग्रॅम प्रथिने असतात; म्हणजे दूध-डाळीवर चालणाऱ्या शाकाहारी घरात मूठभर दाण्यांनाही मोल आहे. तेव्हा मी त्यांना आग्रह केला नाही, कारण नियम मोडायला सांगणे मला पटत नव्हते. आजही पटणार नाही. पण ज्या शंकेने त्यांनी दाणे सोडले असे मी धरून चालले होते, ती शंका खरी की खोटी, हे शोधण्याचे कष्टही मी त्या एकवीस वर्षांत घेतले नाहीत. आता माझी नात त्याच वाटेने निघाली होती, आणि या वेळी ते वाक्य माझ्या तोंडचे होते.

मी मंदिरातील स्वाध्यायात बसणाऱ्या एका वयोवृद्ध गृहस्थांकडे गेले. त्यांनी आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती यांच्या ‘गोम्मटसार’ ग्रंथातील जीवकांडाचा भाग माझ्यापुढे ठेवला. हा ग्रंथ सुमारे हजार वर्षांपूर्वीचा. ज्या वनस्पतीच्या आश्रयाने अनंत जीव राहतात ती ओळखावी कशी, याची लक्षणे त्यात दिली आहेत. तिच्या शिरा, सांधे आणि पेरे दिसून येत नाहीत. मोडली असता ती सारखी भंगते. तिच्यात तंतू दिसत नाहीत. तोडून लावली तरी ती पुन्हा वाढते. आणि ही लक्षणे मुळाला आणि कंदाला जशी लावायची, तशीच सालीला, पानाला, फुलाला, फळाला आणि बीजालाही लावून पाहायची. मी दोनदा वाचले. वस्तू जमिनीच्या वरची की खालची, ही कसोटी त्यात नव्हतीच. ती कसोटी माझ्या सोयीची होती आणि मी ती मुलांना धर्म म्हणून सांगितली होती.

ते गृहस्थ पुढे म्हणाले, “ताई, या ग्रंथात तुम्हाला बटाटा सापडणार नाही आणि शेंगदाणाही सापडणार नाही.” ते खरेच आहे. दोघांचेही मूळ घर दक्षिण अमेरिका. कोलंबस १४९२ मध्ये समुद्र ओलांडून गेला, त्यानंतरच या वनस्पती जगभर पसरल्या, आणि आपल्याकडे त्या पोर्तुगीज काळात आल्या. म्हणजे हा ग्रंथ लिहिला गेला तेव्हा आपल्या देशात कुणी बटाटाही पाहिला नव्हता आणि भुईमूगही नाही. आचार्यांनी केवळ नावांची यादी करून ठेवली असती, तर नव्या वस्तूंपुढे ती अपुरी पडली असती. त्यांनी लक्षणे दिली, म्हणून पुढच्या पिढ्यांना नव्या पाहुण्यांची पारख करता आली. एकाच खंडातून आलेल्या दोघांपैकी एकाला आपल्या स्वयंपाकघराने दारातच थांबवले आणि दुसऱ्याला आत घेतले, ते या पारखीमुळे. बटाटा हा जमिनीत फुगलेला खोडाचा भाग. डोळा असलेला त्याचा कोणताही तुकडा मातीत लावला की त्याचे झाड होते. शेंगदाणा मात्र बी आहे. एका दाण्यात एकच अंकुर आणि एका अंकुराचे एकच झाड.

हे कळले, तरी ते ऐकलेले ज्ञान होते. नातीला सांगितले, तेव्हा तिने विचारले, “पण तो मातीत कसा जातो? बी तर फळात असतं आणि फळ फुलाचं होतं. मातीत फूल कसं येईल?” माझ्याकडे उत्तर नव्हते. मी तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. मुलांना शेकडो समास सोडवून दाखवले. ‘भुईमूग’ हा शब्द मात्र कधी सोडवून पाहिला नाही. भुईतील मूग! आपल्या भाषेने त्याची जात केव्हाच सांगून ठेवली होती. मूग, तूर, हरभरा यांच्याच कुळातला तो. ‘शेंगदाणा’ या शब्दातही शेंग आहे आणि दाणा आहे. कंदाला शेंगही नसते आणि दाणाही नसतो. वर्गात त्या मुलाला एवढे जरी सांगता आले असते, तरी मुले हसली नसती.

महावीर जयंतीला आम्ही लातूरला भावाकडे निघालो होतो. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर अशी ती वाट. अहमदपूरच्या अलीकडे भावाच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचे विहिरीच्या पाण्यावरचे शेत आहे. खरिपात त्या भागात आता जिकडे तिकडे सोयाबीन दिसते. पण पाणी असलेले काही शेतकरी उन्हाळी भुईमूग घेतात. त्यांनी जानेवारीच्या अखेरीस पेरणी केली होती. ऊन चढण्याआधी या, असा त्यांचा निरोप होता, म्हणून आम्ही पहाटेच निघून सकाळी आठच्या आत बांधावर पोहोचलो.

पीक गुडघ्याच्याही खाली होते. हिरव्यागार पानांच्या बेचक्यांतून हळदीच्या रंगाची लहान लहान फुले डोकावत होती. शेतकरी दादा म्हणाले, “हे आज सकाळी उमललेलं फूल आहे, ताई. दुपारी बघाल तर सुकून गेलेलं असतंय.” फूल स्वतःच्याच परागाने फळते आणि त्याच दिवशी कोमेजते. त्यानंतरची गोष्ट मात्र दुसऱ्या कोणत्याही ओळखीच्या झाडात मी पाहिली नव्हती. कोमेजलेल्या फुलाच्या बुडातून एक जांभळट, टोकदार दांडी फुटते. वर उजेडाकडे न वाढता ती खाली वळते आणि मातीत शिरते. शेतकरी तिला ‘आरी’ म्हणतात. चांभाराच्या आरीसारखेच तिचे टोक असते आणि कामही तसेच, भोसकत आत जाण्याचे. मातीत काही अंगुळे खोल गेल्यावर ते टोक आडवे होते, फुगू लागते आणि तिथे अंधारात शेंग धरते. ज्या आरीला माती मिळत नाही, ती लोंबकळत राहून वाळून जाते. उंचावरच्या फुलांच्या अशा कितीतरी आऱ्या नातीने बोटाने मोजल्या.

“म्हणूनच आम्ही ड्रम फिरवतो,” दादा म्हणाले. पेरणीनंतर चाळीस-पन्नास दिवसांनी दोनशे लिटरचा रिकामा ड्रम ते पिकावरून लोळवत नेतात. झाडे थोडी दबतात आणि अधांतरी राहिलेल्या आऱ्या मातीला टेकतात. आऱ्या सुटण्याच्या सुमारास झाडांच्या बुडाशी जिप्समही टाकतात, कारण दाणा भरण्यासाठी लागणारे कॅल्शियम शेंग स्वतःच भोवतालच्या मातीतून शोषून घेते. हे ऐकून मला आश्चर्य वाटले. मुळे त्याच झाडाची, पण या एका गरजेसाठी शेंगेला मुळांच्या भरवशावर राहता येत नाही. वाण कोणता, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले की पूर्वी ते लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्राचा एलजीएन-१ पेरत, यंदा भाभा अणुसंशोधन केंद्रात तयार झालेला टीएजी-२४ पेरला आहे. लातूरच्या पेठेत वाढलेल्या मला, आपल्याच गावी भुईमुगाचे वाण घडवले जातात, हे त्या बांधावर कळले.

मग त्यांनी खुरप्याने माती सैल करून एक झाड अलगद वर काढले आणि नातीच्या हातात दिले. ती बराच वेळ ते फिरवून पाहत होती. मुळे वेगळी होती, आणि त्यांच्यावर मोहरीएवढ्या बारीक गाठी होत्या. त्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात. डाळवर्गाची ती खूणच. शेंगा मात्र मुळांना लागलेल्या नव्हत्या. त्या खोडाच्या खालच्या पेऱ्यांपासून निघालेल्या दांड्यांच्या टोकांना, झुंबरासारख्या लोंबत होत्या. नातीने एका शेंगेपासून सुरुवात करून दांडीवरून बोट फिरवत नेले आणि पानाच्या बेचक्यात येऊन थांबली, जिथे फूल असते तिथे.

“म्हणजे फूल वरच येतं,” ती म्हणाली. “फळ खाली लपायला जातं.”

तिने एक शेंग दाखवली. ती पांढुरकी, गुळगुळीत होती. फोडली तर आत पाण्यासारखा कोवळा गर. “आजी, हिच्यावर रेघाच नाहीत.” मला ग्रंथातली लक्षणे आठवली. ज्याच्या शिरा अजून दिसत नाहीत, ते कोवळे. दादा म्हणाले, “कोवळी आहे अजून. महिना-दीड महिन्यानं या, मग बघा.” मी तिला सांगितले की म्हणूनच कोवळ्या, न भरलेल्या शेंगा आपण खाऊ नयेत. पहिल्यांदाच मी ‘का’ हे स्वतः पाहून सांगत होते.

मेच्या अखेरीस आम्ही पुन्हा गेलो. पाने पिवळी पडून गळू लागली होती. झाडाचे आयुष्यच आता संपत आले होते. आदल्या दिवशी हलके पाणी दिले होते, कारण आमच्याकडच्या काळ्या जमिनीत कोरडी उपटणी केली तर निम्म्या शेंगा मातीतच राहतात. बायका ओळीने झाडे उपटून, माती झटकून, उलटी ठेवत होत्या. आता शेंगांच्या टरफलावर शिरांची जाळी स्पष्ट उठली होती. दादांनी एक शेंग फोडून टरफलाची आतली बाजू दाखवली. ती काळपट झाली होती. “आतून काळी पडली की शेंग पक्व झाली.” माझे वडील दुकानात टरफलाच्या आत काय पाहत असत, ते मला त्यांच्या पश्चात इतक्या वर्षांनी समजले.

नातीने एक दाणा सोलून त्याचे दोन भाग केले. एका भागाच्या टोकाशी इवलासा अंकुर चिकटलेला होता. दुसरा भाग रिकामा. “झाड एकाच भागातून येणार,” ती म्हणाली आणि समाधानाने उठली. उठताना तिची नजर उपटलेल्या ओळीकडे गेली. उघड्या पडलेल्या मातीत एक गांडूळ वळवळत होते. पांढरी हुमणी होती. मुंग्या आपली अंडी तोंडात धरून सैरावैरा धावत होत्या.

“आजी, हे कंदमूळ नाही ना? मग यांचं काय?”

या वेळी मी ‘बस खाली’ म्हणाले नाही. मी तिला खरे ते सांगितले. शेंगदाणा कंदमूळ नाही, म्हणून तो आपल्याला चालतो; पण तो ताटात येईपर्यंत कुणालाच इजा झाली नाही, असे मला म्हणता येणार नाही. गव्हाच्या बाबतीतही म्हणता येणार नाही. गृहस्थाला अन्न लागते. म्हणून आपल्या आचार्यांनी गृहस्थासाठी त्यागाबरोबर परिमाणही सांगितले, किती घ्यायचे त्याची मर्यादा. आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त मुळा, ओले आले अशा वस्तू टाळण्याचे कारण सांगितले आहे ते हेच की त्यांत लाभ थोडा आणि घात फार. हा हिशेब चालणाऱ्या वस्तूंनाही लावता येतो. टीव्हीसमोर बसून वाडगाभर खारे दाणे नकळत संपवणे आणि मूठभर दाणे जाणून खाणे, यांत फरक आहे. नातीने मातीचे ढेकूळ उचलून गांडुळावर सावली केली. बायकांपैकी एक मावशी हसून म्हणाल्या, “असू दे बाळा, आत जातंय ते आपल्या पायानं.” गांडुळाला पाय नसतात, हे नातीने त्यांना लगेच सांगितले.

त्या दिवशी आम्ही पाच किलो शेंगा विकत घेतल्या. गच्चीवर त्या चांगल्या खडखडीत वाळवल्या. वाळवण्याचे महत्त्वही मला नव्यानेच समजले होते. ओलसर राहिलेल्या शेंगदाण्यावर एक बुरशी वाढते आणि ती अफलाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये अशीच दूषित शेंगदाणा पेंड खाऊन एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा या विषाचा शोध लागला. ते घरच्या भाजण्याने पूर्ण नाहीसे होत नाही. म्हणून सुरकुतलेला, काळवंडलेला, कडवट किंवा बुरसट वासाचा दाणा निवडून टाकावा. सासूबाई सुपात दाणे घेऊन खिडकीच्या उजेडात एकेक निवडत. आपण त्याला धान्य शोधणे म्हणतो. त्या विषाचे नाव त्यांना माहीत नव्हते, पण बुरशीत अनंत जीव असतात, हे त्या जाणत होत्या, आणि शंकास्पद दाणा कुटात कधी जाऊ देत नसत.

एक शंका मात्र माझ्या मनातून जात नव्हती. यंदा चातुर्मासासाठी आमच्याकडे आलेल्या आर्यिका माताजींना मी ती विचारली. सासूबाईंची सगळी हकीकत सांगितली आणि म्हणाले, “माताजी, शेंगदाणा कंदमूळ नव्हता. मग एकवीस वर्षांचा त्यांचा तो त्याग वाया गेला का?”

माताजी थोडा वेळ थांबल्या. म्हणाल्या, “आवडती वस्तू सोडून एकवीस वर्षे शांत राहिल्या, ते वाया कसे जाईल? पण मला एक सांगा. त्यांनी दाणे नेमके कशासाठी सोडले? त्या बाईंच्या बोलण्याची भीती वाटली म्हणून? शंका आली म्हणून? की फार आवडतात, म्हणूनच सोडले?”

मी गप्प राहिले. मला माहीत नव्हते. एकाच घरात, एकाच चुलीपाशी आम्ही पंचवीस वर्षे वावरलो. त्या भीतीपोटी दाणे सोडत आहेत, हे मी गृहीत धरले होते. कदाचित आसक्ती ओळखून, पुरते समजून-उमजून त्यांनी तो नियम घेतला असेल आणि पंगतीतले ते बोलणे केवळ निमित्त झाले असेल. तसे असेल, तर ज्यांची मला इतकी वर्षे कीव वाटत होती, त्या माझ्याहून कितीतरी पुढे होत्या. काहीही असो, मी विचारले नव्हते. शेंगदाणा मला माहीत आहे, असे जसे मी समजत होते, तशीच सासूबाईंचीही ओळख मी पुरती धरून चालले होते.

पुढच्या रविवारी पाठशाळेत मी भुईमुगाचे एक वाळलेले झाड नेले. शेंगा, आऱ्या आणि मुळे सगळे त्यावर होते. मुलांना सांगितले की मागच्या वर्षी मी चुकीचे शिकवले होते. आधी झाड पाहा, मग लक्षणे लावू. ‘बटाटा कोणत्या जातीचा’ असे विचारणाऱ्या त्या मुलाने सर्वांत जास्त वेळ झाड हातात ठेवले.

नात आता दाणे खाते. मूठ भरून घेते आणि तेवढेच खाते. काल दुपारी तिने माळ्यावरचा पणजीचा खलबत्ता काढायला लावला. मी दाणे भाजून, सोलून दिले आणि ती दोन्ही हातांनी बत्ता धरून कुटू लागली. थोड्या वेळाने चिमूटभर कूट माझ्या तळहातावर ठेवून तिने विचारले, “जमलंय का?”

मी चव पाहिली. जरा भरड होते, पण जमले होते.

“आजी, पणजी दाणे का खात नव्हती?”

“मी तिला कधी विचारलंच नाही गं,” मी म्हणाले.

ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली आणि पुन्हा कुटू लागली.